वास नसल्याचा दाखला

मी आयुष्यात दोनच दाखले लिहून दिले. पहिला खोटा निघाला म्हणून दुसरा द्यावा लागला. तलाठ्यानं दाखला द्यावा, हेडमास्तरानं द्यावा. मोटार मेकॅनिकनं कशाला त्या भानगडीत पडावं? पण माझ्याकडं छापील लेटरहेड होतं आणि रबरी शिक्काही होता. जुन्या पुणे नाक्यावर पत्र्याचं छप्पर, एक खड्डा आणि एक लिंबाचं झाड एवढ्यावर चालणाऱ्या गॅरेजात शिक्का असलेला मी एकटाच. शिक्का असला की तो कुठंतरी मारावासा वाटतो, त्यातलीच गत.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही मूळचे विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि गिऱ्हाइकाशी भांडताना जी आधी तोंडात येईल ती भाषा. वडील हातमागावर बसायचे. मागाच्या खडखडाटात एक धागा तुटला तरी त्यांना आवाजावरून कळायचं. तो कान माझ्याकडं आला, फक्त मागाऐवजी इंजिनापाशी गेला. वडिलांनी दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण ते असो.

लोकांना वाटतं मेकॅनिकचं काम हाताचं. हात शेवटी येतात हो. आधी कान आणि नाक. इंजिन पेट्रोल पितं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते हवाही ओढतं. एवढ्या जोरानं ओढतं की त्याच्या नळीवर बोट ठेवलं तर बोट धरून ठेवतं. त्या ओढीला आम्ही व्हॅक्यूम म्हणतो. जुन्या विलायती गाड्यांचे वायपर ह्या ओढीवर चालायचे, विजेवर नाही. इंजिनापासून एक रबरी नळी निघायची, मधल्या पत्र्याच्या भोकातून आत शिरायची आणि डॅशबोर्डखाली वायपरच्या मोटरला जोडलेली असायची. चढावर इंजिन दमलं की वायपर दमायचे, उताराला लागलं की पिसाळायचे. ही नळी कुठं फुटली की इंजिन नको तिथून हवा ओढतं, थरथरतं, शीळ घालतं. अशी गळती कानानं शोधायची. पेट्रोलची गळती नाकानं.

एका मास्तरांच्या जीपला ही शिट्टीची खोड लागली होती. गाडी हळू झाली की शीळ घालायची, आणि मास्तरांच्या रस्त्यात गाडी हळू करण्याची जागा एकच होती, मुलींची शाळा. मास्तर रडकुंडीला आलेले. दोन पालक येऊन दम देऊन गेले होते. मी वीतभर नळी बदलली आणि त्यांची अब्रू वाचली. दुसऱ्या एका शेठच्या गाडीत पेट्रोलचा वास यायचा. दोन दिवस मी टाकीपासून इंजिनापर्यंत सगळं उलगडलं. शेवटी कळलं की शेठ धोतरावरचे पानाचे डाग काढायला पेट्रोलची बाटली कोटाच्या खिशात ठेवतात. बूच सैल होतं.

माझं नाक सोलापुरात प्रसिद्ध होतं. म्हणजे तसं मीच सगळ्यांना सांगायचो.

एका मंगळवारी वैरागचे तात्या आले. वैरागला त्यांची आडत होती, दर मंगळवारी सोलापूरच्या बाजाराला यायचे. गाडी जुनी विलायती, काळी, चारदारी. पाठोपाठ दोन सालं कोरडी गेली होती, त्यामुळं तिचे वायपर चालतात की नाही हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. ड्रायव्हिंगला तात्या आणि डाव्या बाजूला त्यांच्या मंडळी, कौसाकाकी. पदर नाकाला लावलेला.

"मेस्त्री, गाडीला काय झालेलं न्हाय," तात्या उतरताच म्हणाले. "बायकोला झालंय."

"मग दवाखाना पुढं आहे तात्या."

"ऐका की! हिला गाडीत पेट्रोलचा वास येतो. मला येत न्हाय. माझ्या भावाला येत न्हाय, हमालाला येत न्हाय. हिलाच येतो. डोकं धरती, वकती. टेंभुर्णीला माझ्या बहिणीकडं जायचं म्हटलं की वास. हितं बाजाराला आलं की वास."

काकी आतूनच म्हणाल्या, "बहिणीचं कशाला काढताय? पोरीकडं जाताना बी येतो की."

खरी गोम तिथंच होती. त्यांची एकुलती एक लेक शालन सोलापुरातच दिलेली. तिला सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जायचं हे ठरलेलंच. पण शालनच्या सासूनं पाय रोवला होता. काकी दोनदा लेकीला भेटायला गेल्या आणि दोन्ही वेळा विहीणबाईंच्या दारातच त्यांना उलटी झाली. वर "गाडीत वास येतो" म्हणून सांगितलं, आणि तात्या तिथंच म्हणाले, "कुटं वास? हिचं आपलं कायतरीच." झालं! विहीणबाईंनी जाहीर केलं की ज्या बाईला नसलेले वास येतात तिच्या हाती आमची सून आणि नातवंड देणार नाही. आज वास येतो, उद्या पाळण्यात कोण दिसेल कुणाला माहीत.

वैरागच्या देवऋषीचं आधीच होऊन गेलं होतं. त्यानं गाडीत सात लिंबं बांधायला लावली होती. ती माळ आरशाला लटकत होती आणि तात्यांना डावीकडचं काही दिसत नव्हतं.

"तुमचं नाक लई नावाजलेलं हाय," तात्या म्हणाले. "बघा. वास असंल तर काढा, नसंल तर तसं लिवून द्या. म्हंजे पुण्याला डोक्याच्या डॉक्टराकडं न्यायचं का ते ठरवतो."

काकी हे ऐकत होत्या. पदर नाकावरून डोळ्यांपर्यंत गेला.

मग आम्ही तपासणी केली. तशी तपासणी मी पुन्हा कधी केली नाही, देवाची कृपा. मे महिना, भर दुपार. काकींना खाली झाडाखाली बसवलं. गाडीत तात्या, मी, शेजारचा चहावाला आणि स्कूटर दुरुस्तीला देऊन बसलेले एक बँकेतले कारकून. साक्षीदार हवेत म्हणून घेतले. काचा बंद, कारण काच उघडली तर वास उडून जाईल हे चहावाल्याचं म्हणणं. पुणे रस्त्यावरच्या बाळे गावापर्यंत गेलो आणि परत आलो. चार बाप्ये, सात लिंबं, आणि चौघांची नाकं वर. कारकुनांना तेलाचा वास आला, तो तात्यांच्या डोक्याचा निघाला. चहावाल्याला तपकिरीचा आला, ती कारकुनांची निघाली. चहावाला स्वतः बिडी ओढणारा, त्यामुळं त्याला तोही उशिराच आला. मी खाली वाकून, डोळे मिटून, गादीपासून पेडलपर्यंत हुंगलं. सगळे माझ्याकडं बघत होते.

"काही नाही," मी म्हणालो.

गॅरेजात येऊन मी लेटरहेड काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: *दाखला देण्यात येतो की, वैराग येथील सदर मोटार मी स्वतः चालवून व हुंगून तपासली असून तीत पेट्रोलचा वा अन्य कसलाही वास नाही. सबब हा दाखला.* खाली सही. वर शिक्का, दोनदा, कारण पहिला पुसट उठला.

काकी तेवढ्यात जवळ आल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, "मेस्त्री, गाडी चालू ठिवून हुंगली का बंद ठिवून?"

"अहो काकी, बंद गाडीत काय कळणार? बिघाड चालू इंजिनाला असतो."

"मला बंद असतानाच येतो," त्या म्हणाल्या.

आम्ही चौघं हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, हे आज लिहिताना अंगावर काटा येतो.

तीन मंगळवार गेले. चौथ्या मंगळवारी तात्या गाडी घेऊन आले, इंजिनातलं ऑइल बदलायला. गाडी झाडाखाली लावली, "पाच मिंटात आलो" म्हणाले आणि टांग्यात बसून बाजारात गेले. तात्यांची पाच मिनिटं म्हणजे दोन-अडीच तास. काकी गाडीतच बसलेल्या. तेव्हाची रीतच ती. गाडी थांबली की बाप्ये टुणकन उतरणार, चहाला जाणार, भाव विचारायला जाणार, आणि बाई गाडीत बसून राहणार. बाजारात बाईनं कुठं हिंडायचं? म्हणून आपली बसली. मी तोपर्यंत हजार वेळा हे बघितलं असेल, पण कधी मनावर घेतलं नव्हतं.

थोड्या वेळानं काकींनी हाक मारली. तोंड पांढरंफटक पडलेलं. मांडीवर बाजाराची पिशवी.

"मेस्त्री, हिकडं या. तुमचा दाखला विहीणबाईला वाचून दावला ह्यांनी. पुण्याला जायचं ठरलंय माझं, येत्या सोमवारी. पोरगी तितंच बाळंत व्हनार. जाऊ द्या. पन आता वास सुटलाय. या, बसा."

मी दार उघडून बसलो. हुंगलं. म्हणालो, "नाही हो काकी."

त्यांनी माझं तोंड निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "डोळं मिटा बरं."

मी मिटले. का मिटले कुणास ठाऊक, पण आमच्या आईचा आवाज असाच होता. पिशवीत काहीतरी चुळबुळ झाली. नाकाशी काहीतरी आलं.

"काय हाय सांगा."

मी विचार केला. बाजाराची पिशवी, बायका काय नेतात? "वेलदोडे," मी ठोकून दिलं.

"हिंग हाय," काकी म्हणाल्या.

डोळे उघडले तर नाकासमोर हिंगाची उघडी पुडी. पलीकडं टपरीवर बसलेल्या चहावाल्यानं नाक मुरडून मान फिरवली होती. तेवढ्या लांब! आणि मला वेलदोडे.

आता खरं सांगतो, लपवून काय करायचंय ह्या वयात. मला थोडं थोडं ठाऊक होतं. वीस वर्षं पेट्रोलनं हात धुतले, नळी तोंडात धरून टाक्यांमधलं पेट्रोल ओढलं, चार-दोन घोट पोटातही गेले. घरी वरण करपलं तरी मला कळायचं नाही, बायको ओरडायची. गळती मी डोळ्यांनी शोधायचो, ओलावा बघायचो, बोट फिरवायचो आणि वर गिऱ्हाइकासमोर नाक फेंदारून दाखवायचो. नाक नुसतं नाटकापुरतं उरलं होतं. आणि त्या नाकाच्या जोरावर मी एका शहाण्या बाईला वेडी ठरवून वर शिक्का मारला होता. मला फार लाज वाटली.

"काकी," मी म्हणालो, "नाक तुमचं, हात माझे. दाखवा कुठं येतो."

काकींनी पदर खोचला. आधी गादी हुंगली, मग दार, मग खाली वाकून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. "हितं. हितं लई." मी हात घातला. बोटांना रबरी नळी लागली, वायपरची. वायपरची मोटर जागेवर नव्हतीच, कुणीतरी कधीच काढून टाकलेली. नळीचं मोकळं तोंड लोंबत होतं, आणि त्या तोंडावर लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी गोल, नाड्यानं बांधलेलं. चाचपून बघितलं. सुपारी! वाळून आकसलेली, कापडात खुळखुळत होती.

मी गाडी चालू केली. इंजिनानं हवा ओढली आणि सुपारी चप्पकन नळीच्या तोंडात बसली. ओढून बघितली तर हलेना. इंजिन बंद केलं, सुपारी सैल. चालू, चप्प. बंद, सैल. पाच-सहा वेळा मी हेच करत बसलो.

मग डोक्यात प्रकाश पडला. गाडी तापून थांबली की कार्बोरेटरातलं पेट्रोल उकळतं, थेंब थेंब खाली नळ्यांत उतरतं, त्याची वाफ होते. त्या वाफेला बाहेर पडायला वाट हवी. वाट होती ही नळी, आणि तिचं तोंड कुठं? तर काकींच्या गुडघ्यासमोर. इंजिन चालू असेपर्यंत सुपारी घट्ट, वास बंद. इंजिन थांबलं की सुपारी सैल, वास चालू, आणि त्याच क्षणी बाप्ये खाली! तात्या परत येऊन स्टार्टर मारायचे की सुपारी पुन्हा चप्प. ह्या माणसाला जन्मात वास आला नसता. आणि आम्ही चौघं शहाणे काचा बंद करून बाळ्याला जाऊन आलो होतो.

मी नाडा सोडायला चाकू काढला आणि तेवढ्यात मागून किंचाळी आली.

"हात लावू नगा! गणपती हाय त्यो!"

तात्या टांग्यातून उतरून धावत आले. मग उलगडा झाला. खंडेनवमीला गाडीची पूजा घातलेली. वायपरची मोटर बिघडली म्हणून कुण्या शहाण्यानं ती काढून नळी तशीच सोडली होती आणि इंजिन नुसतं थरथरत होतं. कुणीतरी म्हणालं, नळीचं तोंड बुजवा. हाताशी दुसरं काही नव्हतं. तात्यांनी पूजेतली गणपतीची सुपारी उचलली, चोळखणात बांधली आणि लावली. इंजिन जागच्या जागी शांत झालं! तात्यांचे हात जोडले गेले. पुढच्या महिन्यात शालनची सोयरीक जमली. तेव्हापासून त्या नळीवर गणपती बसला होता आणि तात्या दर चतुर्थीला डॅशबोर्डला नमस्कार करत होते. काकींना वाटायचं, गाडीवर जीव आहे म्हणून करतात.

"असा कसा काढणार? उत्तरपूजा करावी लागंल," तात्या हटून बसले.

अहो, मी हुज्जत घातली, काकींनी घातली, काही उपयोग नाही. शेवटी मारुतीच्या देवळातले गुरुजी बोलावले. गुरुजींनी आधी विचारलं की मूर्ती पूर्वाभिमुख आहे का. मी म्हणालो, गाडी वळेल तशी. मग गाडी ढकलून तिचं तोंड पूर्वेला केलं. गियरच्या दांड्यावर अक्षता पडल्या, स्टेअरिंगला हळदकुंकू लागलं. गुरुजी हातात फूल घेऊन डॅशबोर्डखाली शिरले, मंत्राची एक ओळ झाली आणि दुसऱ्या ओळीला खोकत बाहेर आले.

"अहो, आत पेट्रोलचा वास येतोय केवढा! देव इथं राहिला कसा?"

गुरुजी म्हणतायत म्हटल्यावर वास आता अधिकृत झाला होता.

काकी झाडाखालून म्हणाल्या, "देव राहिला, तशी मी बी राहिले. गुर्जींनी एकदा हुंगलं आन तुमाला पटलं. मी दोन वर्सं सांगतीया."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मग लिंबाची माळ तोडायला लागले. डोळे भरून आलेले मी बघितले.

सुपारीचं तळ्यात विसर्जन झालं. मी नळी मुळापासून काढली आणि इंजिनाच्या तोंडावर पितळी बूच आटे पाडून बसवलं. अर्ध्या तासाचं काम. मग वाटलं, सुटलो.

"आता दुसरा दाखला लिवा," काकी म्हणाल्या.

मी लिहिलं की सदर मोटारीत वास होता, दुरुस्त केला. काकींना वाचता येत नव्हतं. तात्यांना मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकून म्हणाल्या, "आन पयला दाखला कसा दिलता ते?"

"काकी, ते लिहिलं तर माझ्याकडं गाडी कोण आणेल?"

"आन न्हाय लिवलं तर विहीणबाई म्हनंल, मेस्त्रीला दुसरा दाखला द्यायला ह्यांनीच भाग पाडलं. दोन दाखलं, दोन तऱ्हा. कुठला खरा म्हनून धरंल ती? माझी पोरगी हाय तितं, मेस्त्री."

मी दुसरा कागद घेतला. अक्षर काही वळणदार आलं नाही. *दाखला देण्यात येतो की, सदर मोटारीत पेट्रोलचा वास होता व तो सौ. कौसल्याबाई यांना बरोबर येत होता. पूर्वीचा दाखला देणाऱ्या मेकॅनिकला कशाचाच वास येत नाही, हिंगाचासुद्धा नाही. सबब पूर्वीचा दाखला रद्द.* हिंगाचं काकींनी घालायला लावलं. शिक्का एकदाच मारला.

विहीणबाई पण कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. दाखला वाचला, तरी स्वतः येऊन बंद गाडीत तासभर बसल्या, काकींच्या शेजारी. बसल्या बसल्या दोघींचं काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पण उतरल्या त्या शालनची पेटी भरायलाच गेल्या.

हिंगाची गोष्ट आठ दिवसांत नाक्यावर पसरली. गिऱ्हाइकं येताना उदबत्ती घेऊन यायची, "मेस्त्री, मोगरा का चंदन?" म्हणून विचारायची. चहावाल्यानं वर्षभर छळलं. धंदा मात्र बसला नाही, उलट माझी पद्धत बदलली. वासाची तक्रार आली की मी पहिला प्रश्न विचारायचो, गाडी थांबल्यावर आत कोण बसतं? मग त्या बाईला बोलवा म्हणायचो. काही नवरे डोळे वटारायचे. पण त्या बाईनं बोट ठेवलं तिथं गळती नाही, असं माझ्या उरलेल्या धंद्यात एकदाही झालं नाही.

शालनला मुलगी झाली, वैरागला. बारशाचं आवतण आलं, तात्या स्वतः गाडीतून न्यायला आले. पाळण्याभोवती बायकांची गर्दी, घुगऱ्यांची ताटं फिरत होती, विहीणबाई पुढं बसून पाळण्याची दोरी ओढत होत्या. काकींनी बाळ उचलून थेट माझ्या मांडीवर दिलं. नुकतीच वेखंड-शेपाची धुरी दिलेली, सगळ्या बायका म्हणत होत्या, काय गोड वास येतोय पोरीला! मी वाकलो. टाळूला नाक लावलं. श्वास छातीभर ओढला. काही नाही हो, काही म्हणजे काहीच नाही. पण चार माणसांत काय सांगायचं, म्हणून म्हणालो, "खरंच, फार छान वास येतोय."

घुगऱ्या वाढता वाढता काकी थांबल्या.

"व्हय मेस्त्री?" म्हणाल्या. "द्या मग लिवून."